त्वचेखालचा पहारेकरी आणि आपली प्रमेहचिकित्सा

प्रमेहाच्या परीक्षेचा इतिहास हा एका अर्थाने वैद्याच्या इंद्रियांचा इतिहास आहे. चरकाचार्यांनी निदानस्थानात प्रमेहाची पूर्वरूपे सांगताना रुग्णाच्या शरीराकडे व मूत्राकडे मुंग्या आणि भुंगे आकृष्ट होतात, हे लक्षण नोंदवून ठेवले. सुश्रुताचार्यांनी त्यापुढे जाऊन प्रमेही बरा झाला हे कशावरून ओळखावे, याचाही निकष दिला. मूत्राची पिच्छिलता जावी, गढूळपणा जावा, ते स्वच्छ व्हावे आणि त्याचा रस तिक्त-कटु व्हावा, तेव्हा रोगी आरोग्याकडे आला असे समजावे. रोगाची चाहूल आणि रोगाची निवृत्ती, दोन्ही प्रत्यक्ष पाहून ठरवावीत, हा आग्रह आपल्या शास्त्रात प्रथमपासून आहे.

आमच्या पिढीने महाविद्यालयात बेनेडिक्टचे द्रावण परीक्षानळीत उकळले. निळ्याचे हिरवे, हिरव्याचे पिवळे, पिवळ्याचे नारिंगी आणि शेवटी विटकरी होताना पाहिले. पुढे व्यवसायात आलो तेव्हा बोटावरचा रक्ताचा एक थेंब आणि ग्लुकोमीटरची पट्टी एवढ्यात काम होऊ लागले. आता त्याच्याही पुढचे साधन आले आहे. त्वचेखाली बसविलेला सूक्ष्म संवेदक रात्रंदिवस, दर पाच मिनिटांनी शर्करेची नोंद करतो. दिवसाकाठी २८८ नोंदी! ज्या रुग्णाची वर्षातून चार वेळा रक्ततपासणी होणे कठीण, त्याच्या संदर्भात हा आकडा ऐकताना प्रथम हसू येते. पण हे साधन आमच्या दारात येऊन उभे राहिले, आणि त्याने आमची एक चूक आम्हांस दाखविली. म्हणून हा लेखनप्रपंच.

मांजरसुंब्याचा एक अनुभव

मांजरसुंबा हे आमचे गाव बालाघाटाच्या डोंगररांगेत, धुळे-सोलापूर महामार्गावर आहे. पाटोद्याकडून केज-अंबाजोगाईकडे जाणारी वाट येथेच महामार्गाला छेदते. कपिलधारला मन्मथस्वामींच्या दर्शनाला जाणारे भाविक, घाट चढून आलेले ट्रकचालक, हंगामाला निघालेल्या ऊसतोडीच्या टोळ्या, सारे येथे क्षणभर टेकतात. साहजिकच गावात धाबे आणि हॉटेले पुष्कळ. त्यांपैकीच एका धाब्याचे मालक, वय साठीच्या पुढे, अनेक वर्षे आमच्याकडे औषधासाठी येतात. त्यांना आम्ही अण्णा म्हणतो.

अण्णांना मधुमेह होऊन बारा वर्षे झाली. छत्रपती संभाजीनगरच्या एका तज्ज्ञांचे उपचार चालू होते. मेटफॉर्मिन, आणि ग्लिमेपिराइडची गोळी सकाळी व रात्री जेवणाच्या वेळी. त्याच्या जोडीला आमची निशा-आमलकी आणि पथ्य. धाब्याच्या धंद्यामुळे त्यांचे रात्रीचे जेवण दहा-साडेदहाला होत असे. आम्ही त्यांना शास्त्राप्रमाणे समजावून सायंकाळी सातच्या आत जेवायची सवय लावली. अण्णांनी ती निष्ठेने पाळली. तीन महिन्यांत उपाशीपोटीची साखर १०४ वर आली. आम्ही समाधानी, अण्णाही समाधानी.

फक्त एक तक्रार नवी होती. सकाळी उठल्यावर डोके जड असते, रात्री उशी घामाने भिजते, वाईट स्वप्ने पडतात. आम्ही ते पित्ताचे लक्षण मानले आणि सूतशेखर दिला. थोडा उतार पडल्यासारखे वाटले, पण तक्रार गेली नाही.

त्याच सुमारास त्यांच्या मुलाच्या आग्रहाने तज्ज्ञांनी दंडावर चौदा दिवसांचा संवेदक लावला. चौथ्या-पाचव्या दिवशी अण्णा मोबाइल घेऊन आमच्याकडे आले आणि म्हणाले, "डॉक्टर, हे यंत्र रात्री दोन वाजता ओरडतंय. यंत्र बिघडलंय का मी?"

आलेख पाहिला आणि आम्ही चपापलो. दिवसाची रेषा बऱ्यापैकी होती. पण रात्री दोन ते चारच्या दरम्यान ती रोज ५५ ते ६५ पर्यंत खाली जात होती आणि पहाटे पुन्हा वर येत होती. सकाळी सात वाजता आम्ही जी १०४ पाहून आनंदत होतो, ती दरीतून वर आलेली १०४ होती.

दंडावर झोपल्यास संवेदकावर दाब पडून रात्रीचा आकडा खोटाच कमी दिसू शकतो, हे आम्हांस ठाऊक होते. म्हणून निष्कर्षाची घाई न करता त्या रात्री तीन वाजता मुलाकडून ग्लुकोमीटरवर बोटाची तपासणी करविली. ती ६१ आली. यंत्र खरे बोलत होते.

कारण शोधण्यास वेळ लागला नाही. अण्णांचे जेवण आमच्या सांगण्यावरून सातला आले होते, पण रात्रीची गोळी जुन्या सवयीने धाबा बंद केल्यावर, दहालाच घेतली जात होती. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडास इन्सुलिन सोडावयास लावते. जेवण पुढे सरकले आणि गोळी मागे राहिली. पथ्य योग्य होते, गोळीही योग्य होती. दोघांची गाठ घालून देणे हे आमचे काम होते आणि ते आम्ही केले नव्हते. "गोळी कधी घेता?" हा एक प्रश्न आम्ही विचारला असता तर यंत्राची गरज पडली नसती.

आम्ही तज्ज्ञांना दूरध्वनी केला. त्यांनी रात्रीची गोळी बंद केली. दुसऱ्या आठवड्यात रात्रीची दरी भरून निघाली, उशी भिजणे थांबले, डोकेदुखी गेली. उपाशीपोटीची साखर मात्र ११८ झाली. अण्णा काळजीने म्हणाले, "डॉक्टर, वाढली की हो!" आम्ही सांगितले, "अण्णा, ती १०४ खोटी होती. ही ११८ खरी आहे." साठी ओलांडलेल्या माणसाची साखर झोपेत ५५ पर्यंत उतरणे म्हणजे काय, हे वैद्यबंधूंना वेगळे सांगावयास नको. अशा रात्री हृदयाची लय बिघडू शकते, शुद्ध हरपू शकते, आणि सकाळी घरचे लोक "झोपेतच गेले" असे म्हणतात.

हे साधन नेमके कसे चालते

सध्या या साधनांचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत होऊ नये.

पहिला प्रकार अण्णांच्या दंडावर होता तो. नाण्याएवढी चकती दंडाच्या मागच्या बाजूस चिकटविली जाते आणि तिचा केसासारखा तंतू सुमारे पाच मिलिमीटर त्वचेखाली राहतो. ग्लुकोज ऑक्सिडेज या एन्झाइमच्या साहाय्याने तो पेशींच्या भोवतीच्या द्रवातील ग्लुकोज मोजतो. एन्झाइम आणि विद्युतअग्र यांची सांगड घालण्याची कल्पना १९६२ साली अमेरिकेतील क्लार्क आणि लायन्स यांनी मांडली. आजचे बहुतेक संवेदक तिचेच वंशज होत. भारतात अॅबटचा फ्रीस्टाइल लिब्रे प्रो २०१५ साली आला. चौदा दिवसांनी ही चकती काढून टाकावी लागते.

दुसरा प्रकार पूर्णतः त्वचेखाली रोपण करावयाचा. अमेरिकेतील मेरिलँड राज्यातल्या सेन्सिऑनिक्स या कंपनीच्या एव्हरसेन्स या संवेदकास तेथील अन्न व औषध प्रशासनाने जून २०१८ मध्ये मान्यता दिली. तेव्हा त्याची मुदत ९० दिवसांची होती. २०२२ साली १८० दिवसांच्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये एक वर्षाच्या संवेदकास मान्यता मिळाली. आमच्या भागात असा संवेदक बसविलेला रुग्ण आम्ही अद्याप पाहिलेला नाही. परंतु चौदा दिवसांची चकती आडगावच्या धाब्यावर पोहोचली, तर वर्षाचा संवेदकही एक दिवस पोहोचेल, हे गृहीत धरून त्याची माहिती ठेवणे श्रेयस्कर.

या संवेदकाची लांबी सुमारे १८ मिलिमीटर आणि जाडी साडेतीन मिलिमीटर. दंडावर स्थानिक भूल देऊन लहानसा छेद घेतात व तो त्वचेखाली सरकवितात. प्रशिक्षित चिकित्सकास त्यासाठी काही मिनिटे पुरतात. यात एन्झाइम नाही. संवेदकाच्या पृष्ठावरील एका रासायनिक थरास ग्लुकोजचे रेणू चिकटतात आणि सुटतात. आतील बारीक दिव्याचा प्रकाश त्या थरावर पडला की तो थर चमकतो, आणि ग्लुकोज जेवढे अधिक तेवढी ही चमक अधिक. आत विद्युतघट नाही. त्वचेवर, संवेदकाच्या बरोबर वर चिकटविलेला प्रक्षेपक त्यास बिनतारी पद्धतीने शक्ती पुरवितो, नोंद वाचतो आणि मोबाइलकडे पाठवितो. साखर फार उतरली किंवा चढली तर प्रक्षेपक स्वतः दंडावर थरथरतो. मोबाइल दूर राहिला तरी झोपलेला माणूस जागा व्हावा, ही त्यामागील योजना. प्रक्षेपक रोज काढून भारित करावा लागतो, त्याची चिकटपट्टीही रोज बदलावी लागते, आणि अधूनमधून बोटाच्या तपासणीशी आकडा ताडून पाहावा लागतो. वर्षाच्या संवेदकात पहिल्या दोन आठवड्यांनंतर हे ताडणे आठवड्यातून एकदा पुरते. मुदत संपल्यावर पुन्हा छेद घेऊन तो काढणे अनिवार्य आहे.

दोन्ही प्रकारांत एक गोष्ट समान आहे. मोजली जाते ती रक्तातील शर्करा नव्हे. पेशींभोवतीच्या द्रवातील शर्करा होय. रक्तातील बदल तेथे पोहोचण्यास पाच ते दहा मिनिटे लागतात, कधी अधिकही. साखर वेगाने चढत वा उतरत असेल तेव्हा बोटाचा आणि संवेदकाचा आकडा जुळला नाही तर भांबावून जाऊ नये. लक्षणे एक सांगत असतील आणि यंत्र दुसरे, तर बोटाची तपासणी करावी. त्या दोघांतील पंच तीच.

सुश्रुतांच्या दृष्टीने शल्य

शरीरात शिरलेली व शरीरास पीडा देणारी बाह्य वस्तू म्हणजे शल्य. जाणूनबुजून, रुग्णाच्या हितासाठी, वर्षभर शरीरात ठेवलेल्या या वस्तूस काय म्हणावे, असा प्रश्न आम्हांस पडला आणि सूत्रस्थानातील सव्विसावा अध्याय पुन्हा उघडला. शरीरात राहून गेलेल्या शल्याचे पुढे काय होते, याचा सुश्रुतांनी द्रव्यानुसार विचार केला आहे. सोने, रुपे, तांबे यांसारखे धातू दीर्घकाळाने पित्ताच्या तेजाने विलीन होतात. शिंग, दात, केस, हाड, बांबू, लाकूड, दगड, माती यांची शल्ये तशी नाहीशी होत नाहीत, असे ते सांगतात. तपशिलाविषयी आज मतभेद होऊ शकतो. पण शरीर बाह्य वस्तूशी कसे वागेल हे त्या वस्तूच्या द्रव्यावर अवलंबून असते, हे मूळ निरीक्षण आजही तंतोतंत लागू आहे.

रोपणशास्त्राची मुख्य अडचण हीच. कोणतीही परकी वस्तू आत आली की शरीर प्रथम शोथ निर्माण करते आणि मग तिच्याभोवती तंतुमय वेष्टन विणते. ते जाड झाले की द्रव आत पोहोचत नाही, आणि संवेदक आंधळा होतो. यावर उपाय म्हणून एव्हरसेन्सच्या संवेदकाभोवती डेक्सामेथासोन या शोथघ्न स्टिरॉइडचे कडे बसविलेले असते. ते औषध अत्यल्प प्रमाणात, हळूहळू, त्याच जागी झिरपत राहते. स्टिरॉइड साखर वाढविते आणि साखर मोजणाऱ्या यंत्रालाच त्याचा आधार घ्यावा लागतो, हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे. मात्रा व स्थान बदलले की द्रव्याचे कर्म बदलते, हे आपणांस नवे नाही.

एका आकड्यापासून रेषेपर्यंत

आपल्यापैकी बहुतेकांचा निर्णय तीन आकड्यांवर चालतो: उपाशीपोटी, जेवणानंतर आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीएवनसी. सरासरीत दरी आणि शिखर एकमेकांना झाकतात. रोज ५५ ते ३०० असा झोका खाणारा रुग्ण आणि रोज १४० ते १८० मध्ये राहणारा रुग्ण, दोघांची सरासरी सारखीच येऊ शकते. शिवाय लोहाच्या कमतरतेने पांडुता असेल तर एचबीएवनसी प्रत्यक्षाहून अधिक दिसू शकते. आपल्याकडील किती स्त्रियांना पांडु नाही, हे मोजणेच सोपे.

म्हणून २०१९ साली तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय सहमतीने निराळे माप पुढे आले. दिवसाचा किती वेळ साखर ७० ते १८० च्या दरम्यान राहिली, हे पाहावयाचे. सर्वसाधारण प्रौढ मधुमेहीत हा वेळ ७० टक्क्यांहून अधिक असावा आणि ७० च्या खाली ४ टक्क्यांहून कमी. वृद्ध व नाजूक प्रकृतीच्या रुग्णांत ७० च्या खाली १ टक्क्याहूनही कमी, म्हणजे दिवसातून पंधरा मिनिटेही नको. अण्णा रोज दोन तास तेथे होते.

या रेषेतून आम्हांस आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती आपल्या शास्त्राची आहे. अण्णांच्या दुपारच्या आलेखावर छोट्या छोट्या टेकड्यांची रांग होती. पहिली टेकडी उतरायच्या आत दुसरी. विचारता कळले की दर ओळखीच्या चालकाबरोबर अर्धा कप चहा आणि एखादी खारी होते, असे दिवसातून सात-आठ वेळा. अण्णांच्या लेखी ते खाणे नव्हतेच. पूर्वीचे अन्न पचण्यापूर्वी पुन्हा खाणे, म्हणजे अध्यशन, याचे चित्र आम्ही आयुष्यात प्रथमच काढलेले पाहिले. वर्षानुवर्षे "चहा कमी करा" म्हणून जे साधले नाही, ते त्या रेषेने एका दुपारी साधले. जेवणानंतर घाटाच्या कडेने अर्धा तास चालले की शिखर बुटके होते, हे तर अण्णांनीच आम्हांस दाखविले.

सीताफळाचेही तसेच. बीडच्या सीताफळास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हंगामात बालाघाटातल्या माणसाला "सीताफळ खाऊ नका" असे सांगणारा वैद्य हास्यास्पद ठरतो. जेवणावर दोन मोठी फळे आणि चार वाजता, रिकाम्या पोटी, एखादे लहान फळ यांतील फरक रुग्णाने स्वतःच्या रेषेवर पाहिला तर तो ऐकतो. तथापि एका रुग्णाच्या रेषेवरून दुसऱ्यास नियम सांगू नये. प्रकृतिभेद येथेही आहेच.

हे यंत्र काय सांगत नाही

संवेदक एक द्रव्य मोजतो. प्रमेह हा बहुद्रव-श्लेष्मा, मेद, क्लेद आणि ओज यांचा व्याधी आहे. वीस प्रमेहांतील कोणता, दोषांचे बल किती, रोगी स्थूल-बलवान की कृश-दुर्बल, याचे उत्तर त्या रेषेत नाही. आणि संशोधन करावे की बृंहण, हे तर त्यावरच अवलंबून आहे. कृश प्रमेहीचा विचार आपल्याकडे विशेष महत्त्वाचा. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे परिसरातील सहा गावांत १९९३ पासून माता-बालकांचा अभ्यास चालविला. दिसावयास कृश, परंतु स्नायू कमी आणि मेद अधिक, अशी भारतीय शरीराची घडण जन्मापासूनच असू शकते, हे त्यातून जगापुढे आले. पोट सुटले नाही म्हणजे मधुमेह नाही, ही समजूत आता वैद्याने तरी बाळगू नये.

आयसीएमआर-इंडियाब या सर्वेक्षणाचे २०२३ साली प्रसिद्ध झालेले निष्कर्ष देशात १० कोटींहून अधिक मधुमेही आणि १३ कोटींहून अधिक मधुमेहपूर्व अवस्थेतील लोक असल्याचे सांगतात. ही मंडळी सगळी तज्ज्ञांकडे जाणार नाहीत. त्यांतील मोठा भाग आपल्याच दारात येणार आहे.

आपली औषधे आणि जागता साक्षीदार

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. गुडमार, जांभूळबीज, विजयसार, कारले, मेथी, निशा-आमलकी यांचा वापर आपण करतो आणि त्यांचा गुण येतो हा आपला अनुभव आहे. परंतु बहुसंख्य रुग्ण आज आपली औषधे आधुनिक गोळ्यांच्या जोडीने घेतात. गुण आला तर तो आपला आणि साखर उतरून चक्कर आली तर ती गोळीची, अशी वाटणी आपण मनातल्या मनात करून ठेवलेली असते. रात्रंदिवस जागणारा साक्षीदार आला की ही वाटणी टिकणार नाही. औषध सुरू करण्यापूर्वीचे चौदा दिवस आणि नंतरचे चौदा दिवस रुग्णाच्या मोबाइलमध्ये शेजारी-शेजारी दिसतील. ज्या कल्पात खरोखर बळ आहे, त्यास याचे भय नाही. ज्यात नाही, त्याचे काय करावयाचे हे आपणच ठरवावयाचे आहे.

यात एक दुखरी बाब सांगणे भाग आहे. "शुद्ध आयुर्वेदिक" म्हणून विकल्या जाणाऱ्या निनावी चूर्णांत आधुनिक मधुमेही गोळ्यांची भेसळ सापडल्याची उदाहरणे देशात नोंदविली गेली आहेत. जे चूर्ण पहिल्याच दिवशी साखर धाडकन उतरविते, त्याविषयी आनंद मानण्यापूर्वी संशय घ्यावा. अशा चूर्णाची रेषा गोळीच्या रेषेसारखीच दिसते.

व्यवहारात आम्ही तेव्हापासून पुढील गोष्टी पाळतो. प्रत्येक मधुमेही रुग्णाच्या चालू गोळ्यांची नावे आणि घेण्याची वेळ कागदावर उतरवून घेतो. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवणाची वेळ, लंघन किंवा एकादशीचा उपवास यांविषयी सल्ला देण्यापूर्वी त्या डॉक्टरांशी बोलतो. रात्री घाम, वाईट स्वप्ने, सकाळची डोकेदुखी ही तक्रार आली तर सूतशेखर लिहिण्यापूर्वी पहाटे तीनची साखर पाहतो. त्यास संवेदक लागत नाही. गजराचे घड्याळ आणि एक पट्टी पुरते. आणि आधुनिक गोळी स्वतःहून बंद करावयास कोणासही सांगत नाही.

औषधविक्रेत्या बंधूंसाठी

संवेदक विकत मागणारे गिऱ्हाईक आज ना उद्या आपल्या दुकानात येईल. १ एप्रिल २०२० पासून सर्व वैद्यकीय उपकरणे कायद्याने औषधाच्या व्याख्येत आली आहेत आणि त्यांना २०१७ चे वैद्यकीय उपकरण नियम लागू आहेत. पावती, मुदत आणि साठवणीचे तापमान यांची काळजी औषधाइतकीच घ्यावी. उन्हाळ्यात पत्र्याच्या दुकानात ठेवलेला संवेदक किंवा पट्ट्यांचा उघडा डबा खोटे आकडे देऊ शकतो.

काही एन्झाइमयुक्त संवेदकांच्या माहितीपत्रकात, क जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत घेतल्यास साखर खोटीच अधिक दिसू शकते, असे स्पष्ट म्हटले आहे. रोपण करावयाच्या संवेदकाबाबत टेट्रासायक्लिन गटातील प्रतिजैविकांचा इशारा आहे. गिऱ्हाईक क जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेत असेल, तर आकडा बोटाच्या तपासणीशी ताडून पाहण्यास सांगावे. ताजा आवळाही या जीवनसत्त्वाने समृद्ध आहे, हे आवळ्याचा रस नित्य विकणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

आणि फलकाविषयी. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाच्या अनुसूचीत मधुमेहाचा समावेश आहे. "मधुमेह मुळासकट बरा" ही पाटी दुकानावर असणे हा गुन्हा आहे. यापुढे ती पाटी कायद्याआधी गिऱ्हाइकाच्या दंडावरचे यंत्रच खोटी पाडील.

कोयत्यामागे जाणाऱ्यांचे काय?

शेवटी आमच्या जिल्ह्याचा प्रश्न. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून लक्षावधी माणसे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. आमच्या गावावरून त्यांचे ट्रक आणि ट्रॅक्टर रात्रभर जात असतात. प्रमेहाच्या चिकित्सेत सुश्रुतांनी निर्धन रोग्यास पायी, अनवाणी, छत्रीवाचून शंभर योजने चालावयास आणि विहीर खणावयास सांगितले. आमचा ऊसतोड कामगार याहून अधिक कष्ट जन्मभर करतो, आणि तरीही त्यांच्यांत मधुमेही आम्हांस दिसतात. व्यायामाने सुटणारा हा प्रश्न नाही. अर्धवट जेवण, अपुरी झोप, तंबाखू, आणि गोळी घेऊन उपाशीपोटी फडात उतरणे, ही त्यांची निदाने आहेत.

कागदावर पाहिले तर वर्षभर त्वचेखाली राहणारा संवेदक यांच्यासाठीच बनला आहे असे वाटावे. पट्ट्या नकोत, दर पंधरवड्याला बदल नको. प्रत्यक्षात रोज प्रक्षेपक भारित करावयास कोपीत वीज हवी, घामाने चिकटपट्टी सुटता कामा नये, स्मार्टफोन हवा, आणि हंगाम संपताच तो काढणारा प्रशिक्षित हात हवा. चौदा दिवसांच्या चकतीची किंमतच चार-पाच हजार रुपयांच्या घरात जाते. मुकादमाची उचल फेडणाऱ्यास ती झेपणार नाही. ज्यास साखर उतरण्याचा धोका सर्वांत अधिक, त्याच्यापर्यंत हा पहारेकरी सर्वांत शेवटी पोहोचेल.

तोपर्यंत पहारा आपणच करावयाचा आहे. मागील तीन हंगामांपासून आम्ही टोळी निघण्याच्या आठवड्यात मधुमेही कामगारांना बोलावितो. फडात कोणती गोळी केव्हा घ्यावयाची हे चित्रांनी काढून देतो. भाकर खाल्ल्याविना गोळी घ्यावयाची नाही, हे जोडीदारासमोर वदवून घेतो. हात थरथरले, घाम फुटला, बोलणे अडखळले तर काम थांबवून मूठभर साखर किंवा गुळाचा खडा तोंडात टाकावयाचा, हेही सांगतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, त्यास तडक रुग्णालयात न्यावे, हे मुकादमाला स्वतंत्रपणे बजावतो. प्रत्येक टोळीमागे एक ग्लुकोमीटर आणि पन्नास पट्ट्या दिल्या, तर त्याचा खर्च एका चकतीहून कमी येतो. गेल्या हंगामात अशाच एका मीटरवर पहाटे ४८ चा आकडा पाहून एका बाईने नवऱ्यास गूळ चारला व ट्रॅक्टर थांबविला. तो आज आमच्याकडे औषधास येतो.

संघटनेच्या सदस्यांस आमची विनंती एवढीच. आपापल्या गावातून टोळ्या निघण्यापूर्वी एक सकाळ या कामासाठी राखून ठेवावी. आणि आज संध्याकाळी दवाखान्यात बसल्यावर पहिल्याच मधुमेही रुग्णास एक प्रश्न विचारावा: "रात्रीची गोळी जेवणाबरोबर घेता की झोपताना?" आम्ही तो वेळेवर विचारला नव्हता.